बाबासाहेब, 28 जुलै 1928 च्या भाषणाबद्दल आभार

बाबासाहेब,
सविनय जय भीम.

येत्या सोमवारी माझी बाळंतपणाची रजा संपते. 26 आठवडे, भरपगारी. त्याआधी हे पत्र लिहायचं राहून जाऊ नये म्हणून लेकीला मांडीवर घेऊन एका अंगठ्याने फोनवर टाइप करतेय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

रजेचा अर्ज दिला त्या दिवशी आमचे साहेब म्हणाले होते, "मूल तुमचं, पगार आमचा, हा कुठला न्याय?" सगळे हसले. मीही हसले, काय करणार! उत्तर सुचलंच नाही.

ते सापडलं गेल्या महिन्यात, वाचनालयातून आणलेल्या तुमच्या इंग्रजी भाषणांच्या दुसऱ्या खंडात. मुंबई इलाख्याचं कायदे कौन्सिल, कारखान्यांतल्या बायकांना प्रसूतीच्या काळात भत्ता देण्याचं विधेयक. विधेयक तुमचं नव्हतं. तुम्ही नियुक्त सदस्य, वय 37. पण बोललात ते माझ्या साहेबांचा प्रश्न आधीच कानावर आल्यासारखं. आईला बाळंतपणाआधी नि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं, म्हणून खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलावा, हे तुम्ही आधीच मान्य करून टाकलंत. पण म्हणून मालक सुटत नाही. काही धंद्यांत तो बाईला कामावर घेतो ते उपकार म्हणून नव्हे. पुरुषापेक्षा बाई ठेवण्यात त्याला जास्त फायदा दिसतो म्हणून. फायदा घेतो, तर भारही थोडा घ्यावा. कुठे गहिवर नाही, दयेची याचना नाही. सरळ हिशेब. मी अकाउंट्सला आहे, हिशेब मला लगेच कळतो.

माझी पणजी परळच्या गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. घरात तिची एकच गोष्ट सांगतात. पाळीला जाताना तान्ह्या पोराला अफूची गोळी चाटवायची, म्हणजे ते झोपून राही. एकटी तीच नाही, चाळीतल्या कितीतरी जणी द्यायच्या. आजी हे सांगते तेव्हा माझ्या लेकीच्या टाळूवरून हात फिरवत राहते.

इलाख्यात 1929 ला कायदा झाला, देशातला असा पहिला. देशभरासाठी 1961 उजाडलं, आणि 12 चे 26 आठवडे व्हायला 2017. एक मात्र सांगते, तुमचं निम्मंच ऐकलं गेलं. कामगार विमा असलेल्यांचं ठीक, त्यांना पैसे विम्यातून मिळतात. आमच्यासारख्यांचा रजेतला सगळा पगार मालकाच्या खिशातून जातो. मग मुलाखतीत "लग्न झालंय का?" हे पहिलं विचारतात.

खंड परत करायची तारीख उलटून गेलीय, दंड भरेन. त्या पानांची झेरॉक्स काढून ठेवलीय. सोमवारी डब्याच्या पिशवीत नेणार आहे. साहेबांपुढे ठेवेन की नाही, ते त्या दिवशी बघू.

बाईसाहेब उठल्या. थांबते.

आपली,
ठाण्याची एक अकाउंटंट