तीनशे नऊ भंगारात घालण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या मोटारींवरचा लेख वाचला. छायाचित्रे झकास आहेत. मात्र फ्रेंच गाड्यांची बोळवण ‘दिसायला देखण्या, वागायला नाजूक’ एवढ्या एका वाक्यात केली आहे. शिवाय आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याणला, एक फ्रेंच गाडी जोडली जात होती, याचा उल्लेखही नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि प्यूजो यांच्या भागीदारीतून १९९४ पासून काही वर्षे ‘प्यूजो ३०९’ कल्याणच्या कारखान्यातून बाहेर पडली. पुढे भागीदारी मोडली, सुटे भाग मिळेनासे झाले आणि गाडीचा भाव पत्र्याच्या भावावर आला. अजूनही एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती कव्हराखाली उभी दिसते. तिच्याबद्दल लिहायचे आहेच, पण आधी त्या नाजूकपणाच्या शिक्क्याबद्दल.

फ्रान्समध्ये मोटारीवरचा कर कागदोपत्री अश्वशक्तीवर, म्हणजे मुख्यतः इंजिनाच्या आकारावर ठरत असे. त्यामुळे तिथल्या अभियंत्यांनी इंजिने लहान ठेवली आणि सारी अक्कल सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाकांचे धक्के गिळणाऱ्या यंत्रणेत, ओतली, कारण रस्ते दगडी फरसबंदीचे होते आणि खेड्यात तर तेही नव्हते. महाग पेट्रोल आणि खड्डे या दोन गोष्टी घोडबंदर रोडवरच्या माणसाला समजावून सांगायला नकोत. १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सिट्रोएन २सीव्हीचे इंजिन ३७५ सीसीचे, ताकद ९ अश्वशक्ती. त्यात रेडिएटर नाही, हेड गॅस्केट नाही, डिस्ट्रिब्युटर नाही. समोरासमोर झोपवलेले दोन सिलिंडर पंख्याच्या हवेवर थंड होतात. प्रत्येक बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकाच्या स्प्रिंगा एकाच आडव्या नळकांड्यात बसवल्या आहेत. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की मागची बाजूही थोडी उचलली जाते आणि गाडी नाक खुपसत नाही. वळणावर ती भरपूर कलते, ते तसेच अपेक्षित आहे. स्प्रिंगा ‘टाइट’ करून घेणाऱ्याने गाडीचा मूळ गुणच घालवला म्हणायचे.

या गाडीत बिघडते ते वेगळेच. पंख्यामागचा ऑइल कूलर धुळीने बुजतो आणि तेल तापून पातळ होते, म्हणून तो दर उन्हाळ्याआधी साफ करावा. किंगपिनला (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिला) ग्रीस मिळाले नाही की स्टिअरिंग जड होते. क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या ये-जा हालचालीने फिरणारा दांडा) तुकडे दाबून जोडलेला असतो आणि कनेक्टिंग रॉड अखंड असतात, त्यामुळे ‘बेअरिंग बदलून देतो’ म्हणणाऱ्या गॅरेजच्या हातात तो देऊ नये. चॅसिस आतून गंजते. बाहेरून रंग चकचकीत दिसला तरी तळाला टोच्याने टोचून पाहावे.

मग नाव खराब झाले कुठे? बहुतेक वेळा ब्रेक ऑइलच्या डब्यापाशी. ऑक्टोबर १९५५ मध्ये आलेल्या सिट्रोएन डीएसला पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० मागण्या आल्या. अभियंता आंद्रे लफेव्र, रूप फ्लामिनिओ बेर्तोनी यांचे आणि हायड्रॉलिक यंत्रणा पॉल माजेस यांची. या गाडीत पाटे नाहीत, स्प्रिंगाही नाहीत. प्रत्येक चाकामागे पोलादी गोल आहे. त्याच्या अर्ध्या भागात नायट्रोजन, अर्ध्यात तेल आणि मधे रबरी पडदा. चाक वर गेले की तेल नायट्रोजनला दाबते. माणसे बसली की उंची सांभाळणारी झडप जास्त तेल आत घेते आणि गाडी पुन्हा ठरल्या उंचीवर येते. सस्पेन्शन, ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, सगळे एकाच पंपाच्या तेलावर, सुमारे १७० बार दाबाने चालते. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पती-क्लामारला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी गाडी त्यांना घेऊन निसटली. हिला नाजूक म्हणवत नाही.

तेलाचा प्रश्न असा. १९६६ पर्यंतच्या डीएसमध्ये लाल कृत्रिम तेल, एलएचएस. त्यानंतर हिरवे खनिज तेल, एलएचएम. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत हा बदल आणखी उशिरा झाला, म्हणून केवळ सालावर विसंबू नये. तेलाच्या टाकीचा आणि जोडभागांचा रंग पाहावा. हिरव्या यंत्रणेचे भाग हिरवे रंगवलेले असतात. दोन्हींची रबरी सीले वेगळी असतात. लाल यंत्रणेत हिरवे तेल गेले की सीले फुगतात, आणि हिरव्या यंत्रणेत नाक्यावरचे साधे ब्रेक ऑइल ओतले तरी तीच गत. मग प्रत्येक जोडातून तेल पाझरू लागते आणि दोष गाडीच्या माथी बसतो. लाल तेल हवेतली आर्द्रता शोषते, खाडीकाठच्या हवेत तर जास्तच, आणि नळ्या आतून गंजतात. आणखी एक फसगत म्हणजे १९८१ नंतरच्या, पुढे डिस्क ब्रेक असलेल्या २सीव्हीलाही ब्रेकसाठी हिरवे खनिज तेलच लागते. टाकीच्या झाकणावर ते लिहिलेले असते, वाचणारा हवा.

नायट्रोजन पडद्यातून वर्षानुवर्षे हळूहळू निसटतो. गाडी बैलगाडीसारखी आदळू लागली की मिस्त्री शॉकअप शोधत बसतो. इथे वेगळा शॉकअप नाही. त्याचे काम गोलाच्या तोंडाशी असलेली झडप करते. तपासायचे असे : इंजिन चालू ठेवून गाडी नेहमीच्या उंचीवर येऊ द्या आणि प्रेशर रेग्युलेटरची (तेलाचा दाब राखणाऱ्या झडपेची) टिक ऐका. ती बऱ्याच अंतराने आली तर ठीक. दर दोन-चार सेकंदांनी टिकटिक होत असेल तर मुख्य अॅक्युम्युलेटरमधला (दाब साठवणाऱ्या गोलातला) वायू संपलाय किंवा कुठेतरी गळती आहे. गोल काढण्याआधी इंजिन बंद करून रेग्युलेटरचा स्क्रू थोडा सैल करावा आणि दाब पूर्ण उतरवावा. मग पट्ट्याच्या पान्याने गोल फिरवावा. बसवताना नवे सील घालावे आणि हातानेच घट्ट करावा, पाना लावू नये. आत फक्त नायट्रोजन भरायचा. गॅसवाल्याकडे हाताशी आहे म्हणून ऑक्सिजन भरला तर तेलाशी गाठ पडून स्फोट होतो, आणि मग गाडी वाचवायला कोणी उरत नाही. दाब उतरला की गाडी जमिनीकडे बसते. त्यामुळे स्टँड न लावता हिच्याखाली कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, शिरू नये.

अलाइनमेंटच्या दुकानात वेगळाच गोंधळ होतो. डीएसच्या पुढच्या चाकांमधले अंतर १५०० मिमी, मागचे १३०० मिमी. यंत्रावर ते पाहून ‘अॅक्सल वाकलाय’ असा निर्णय येतो. १९६१ च्या रेनॉ ४ मध्ये तर डाव्या आणि उजव्या बाजूच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतरच एकमेकांपेक्षा सुमारे ५ सेंमीने वेगळे आहे. मागचे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या) गाडीच्या पूर्ण रुंदीचे आहेत आणि शेजारी-शेजारी बसत नाहीत म्हणून एकामागे एक ठेवले, त्याचा हा परिणाम. ते ‘सरळ’ करून घेऊ नये.

लायनरबद्दलही, म्हणजे ज्या नळीत पिस्टन वर-खाली होतो तिच्याबद्दलही, सांगायला हवे. १९३४ च्या सिट्रोएन त्राक्सियाँ आवाँपासून (पुढच्या चाकांना ताकद, चॅसिसविना बांधणी, हायड्रॉलिक ब्रेक हे सगळे त्या एकाच गाडीत होते) कितीतरी फ्रेंच पेट्रोल इंजिनांत ओले लायनर आहेत; पाणी थेट लायनरला भिडते. हेड काढल्यावर लायनर पट्ट्या लावून दाबून न ठेवता क्रँक फिरवला, की लायनर उचलला जातो, तळाचे सील सुटते आणि पाणी तेलात उतरते. हेड बसवण्याआधी लायनर ब्लॉकच्या वर किती उभा आहे ते डायल गेजने मोजावे. हे अंतर मिलिमीटरच्या काही शतांशांत असते, डोळ्याने कळत नाही. आणि नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी घालू नये; डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच हवे.

फ्रेंच इंजिन आपल्या मिस्त्रींना परके मात्र मुळीच नाही. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधले एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचे डिझेल इंजिन प्यूजोच्या परवान्याने बनत असे. नावातले ४ म्हणजे सिलिंडर, ९० म्हणजे मिलिमीटरमध्ये बोअर, सिलिंडरचा आतला व्यास. महाराष्ट्रातल्या किती घाटांत ते चढले असेल! शिवाय पाने मेट्रिक, पद्मिनीवर हात बसलेल्या माणसाच्या पेटीतलेच. अॅम्बेसिडरसारखी इंची मापांची कटकट इथे नाही.

आता ३०९. तिच्या डिझेल आवृत्तीत टीयूडी५ हे १५२७ सीसीचे इंजिन होते. हेच इंजिन पुढे मारुतीने झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत वापरले. त्यामुळे इंजिनाच्या आतले बरेच भाग त्या गाड्यांच्या नावाने शोधता येतात. माउंटिंग, ब्रॅकेट, पाइप मात्र जुना भाग शेजारी ठेवून पडताळूनच घ्यावेत. टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचा बेल्ट किलोमीटर कमी झाले म्हणून चांगला असे समजू नये. नवा बेल्ट, टेन्शनर आणि शक्यतो पाण्याचा पंपही घालून, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा जुळतात का पाहावे, मगच सेल्फ मारावा. उभ्या गाडीतले जुने इंधन काढून टाकावे. पेट्रोल गाडी असेल तर रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात. आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे तेव्हाचे रबर टिकत नाही.

३०९ चे खरे दुखणे मागच्या अॅक्सलमध्ये. मागचे आर्म सुई बेअरिंगवर फिरतात आणि स्प्रिंगचे काम आडवे टॉर्शन बार करतात. सील झिजले की पाणी शिरते (पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की हमखास), ग्रीस धुतले जाते आणि बेअरिंगच्या सुया शाफ्ट खातात. सपाट जमिनीवर गाडीच्या मागे उभे राहून पाहावे : चाके वरच्या टोकाला आत झुकली असतील किंवा मागून कर्रकर्र येत असेल, तर तेच. लवकर सापडले तर बेअरिंग आणि सीलवर भागते. शाफ्टला खाच पडली असेल तर शाफ्टही बदलावा लागतो. टॉर्शन बार बाहेर ओढण्याआधी दोन्ही टोकांच्या दात्यांच्या जागा टोचून खूण करून ठेवा आणि गाडीची उंची मोजून लिहून ठेवा. डावा आणि उजवा बार अदलाबदल होऊ देऊ नका. एक दाता चुकला की एक बाजू वर, एक खाली. गाडी झाकायला प्लॅस्टिकऐवजी कापडी कव्हर वापरा. प्लॅस्टिकखाली दमटपणा कोंडतो आणि दारांखालचा पत्रा आधी जातो.

राहिला कायदा. २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडीला ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि ती मूळ स्वरूपात असावी लागते. डीएस आणि बऱ्याच २सीव्ही त्यात बसतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यासाठीच. कल्याणची ३०९ मात्र तिशीतच आहे. तिला साध्या गाडीसारखी पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरत आणखी वीसेक वर्षे काढायची आहेत. ती रस्त्यावर ठेवायची असेल तर पुनर्नोंदणीच्या तपासणीआधी मागचा अॅक्सल आणि सायलेन्सर बघून घ्यावा. ब्रेकच्या रबरी नळ्या तर न विचारता बदलाव्यात.

आणि भंगारातच द्यायची ठरली, तर त्याआधी टेल लॅम्प, दारांची रबरे, काचा, टॉर्शन बार आणि अख्खा मागचा अॅक्सल काढून घ्या. दुसऱ्या एखाद्या ३०९ वाल्याला हेच भाग मिळत नाहीत.

आपला,
एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे