बर्फावरच्या इमारतीचे पाय

महोदय,

हिमप्रदेशातल्या इमारतींचे कौतुक होते ते आकाराचे. खरी करामत पायांत असते. अंटार्क्टिकातील ब्रिटनचे हॅली-६ केंद्र तरंगत्या हिमस्तरावर उभे आहे. हा स्तर समुद्राकडे सरकत राहतो, वरून दरवर्षी मीटरभर बर्फ साचतो. हॅलीची पहिली चार केंद्रे अशीच गाडली गेली. म्हणून हॅली-६ चे आठही कप्पे हायड्रॉलिक पायांवर, आणि पायांखाली भल्या मोठ्या स्की. एकेक पाय उचलायचा, खाली बर्फ दाबून भरायचा, पाय पुन्हा टेकवायचा. मग अख्खा कप्पा वर. हिमस्तरातली भेग वाढू लागली तेव्हा, २०१६-१७ मध्ये, कप्पे सुटे करून ट्रॅक्टरने २३ किलोमीटर ओढून नेले.

कायम गोठलेल्या जमिनीचे दुखणे वेगळे. घराची ऊब खाली झिरपली की जमीन वितळते, खांब कमी-जास्त खचतात. आधी दारे अडकतात, मग भिंतींना तडे. मजला खांबांवर उचलून खालून वारा खेळता ठेवणे, एवढाच साधा उपाय. पण तीच पोकळी कुणीतरी अडगळ ठेवायला बंद करतो! आता तर हवाच तापते आहे. नुसती पोकळी पुरत नाही, खांब आणखी खोल न्यावे लागतात.

– एक वास्तुविशारद