छायाचित्रातल्या तेविसाव्या नावासाठी

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमच्या शाळेचा यंदाचा वार्षिक अंक गेल्या आठवड्यात हाती आला आणि सवयीने मी सर्वांत आधी ऋणनिर्देशाचे पान उघडले. तेथे प्रमुख पाहुणे, जाहिरातदार, मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी संपादक मंडळ या सर्वांचे आभार मानलेले आहेत, मुद्रणालयाचे नावही आहे. परंतु अंकातील प्रत्येक अक्षर ज्यांच्या हाताखालून गेले त्या आपला उल्लेख कोठेही नाही. तीन वर्षांपूर्वी, मी नववीत असताना विद्यार्थी संपादक होते, तेव्हाही तो नव्हता आणि तो घालावा असा आग्रह मी धरला तेव्हा आपण स्पष्ट नकार दिला होता. आपल्या इच्छेचा मान राखून मी येथेही आपले नाव लिहीत नाही. मात्र हे आभार केवळ मनात ठेवणे आता मला जमत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

कराडच्या बाजारपेठेतील त्या छापखान्याची पायरी मी पहिल्यांदा चढले, तेव्हा माझ्या हातात अडुसष्ट पानांचा मजकूर होता आणि मुख्याध्यापकांनी चौसष्ट पानांचीच परवानगी दिलेली होती. चार पाने वाढली तर काय बिघडते, असे मी विचारले. आपण एक कोरा कागद घेऊन त्याच्या तीन घड्या घातल्या, कोपऱ्यात एक ते सोळा आकडे लिहिले आणि तो पुन्हा उलगडून माझ्यासमोर ठेवला. एकाच्या शेजारी सोळा, दोनच्या शेजारी पंधरा, प्रत्येक जोडीची बेरीज सतरा. फर्मा म्हणजे एकाच कागदाच्या घड्यांतून होणारी सोळा पाने आणि चौसष्ट पाने म्हणजे नेमके चार फर्मे कसे, हे मला त्या एका कागदावरून समजले; तो कागद अजूनही माझ्या वहीत आहे.

आम्ही मुलांनी मोबाइलवर टंकलेला मजकूर छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसत असे आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारखे शब्द फुटत असत. ते सारे आपण एकेक करून जुळवलेत. आपल्या टेबलामागे साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांचा तक्ता होता, १९६२ मधील चौदा आणि १९७२ मध्ये भर पडलेले चार. परंतु आपण केवळ ऱ्हस्व-दीर्घ पाहत नव्हता. विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, स्काऊट-गाईड अशा सर्वांच्या अहवालांत मी ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ हे वाक्य लिहिले होते, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून आपण विचारलेत, “उत्साहात म्हणजे काय झालं?” मी परत गेले, मुलांशी बोलले आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या अहवालात सातवीच्या मुलांनी बुटाच्या खोक्यापासून केलेल्या सूचिछिद्र कॅमेऱ्याची हकिगत आली. त्यात शाळेचे पिंपळाचे झाड उलटे दिसले म्हणून झालेला गलका मी आता वाचते, तेव्हा तो वर्ग मला ऐकू येतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र आहे, ती सांगते. प्लेट तयार होण्याच्या आदल्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास आपला फोन आला. “हरितसेनेच्या फोटोत चेहरे तेवीस आहेत, नावं बावीस आहेत. एक पोरगी राहिली.” हरितसेना म्हणजे शाळेतील पर्यावरणाचे काम करणारा मुलांचा गट. त्या फोटोत बसलेले सात, मधल्या रांगेत आठ, मागे उभे आठ. मी हजेरीपटावरून नावे उतरवली होती, चेहरे मोजले नव्हते. चूक सर्वस्वी माझी होती आणि शिक्षकांच्याही नजरेतून ती सुटली होती.

सकाळी छायाचित्र घेऊन मी सहावीच्या वर्गात गेले, तेव्हा मुलांनी तिला लगेच ओळखले. ती बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबातील होती. नोव्हेंबरमध्ये स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून मिळणारे शिक्षण हमी कार्ड घेऊन ती वर्गात दाखल झाली आणि मार्चअखेर गाळप हंगाम संपताच आईवडिलांबरोबर गावी परतली. नियमित पटावर तिचे नाव नव्हते, वेगळ्या यादीत होते, आणि ते घाईने लिहिलेले होते. ते मी आपल्याला फोनवर सांगितले, तर आपण विचारलेत, “ती स्वतः कसं लिहिते?”

हा प्रश्न मला सुचला नसता. तिची वही कोणाकडे उरलेली नव्हती. शेवटी तिच्या शेजारी बसणारी मुलगी मला कुंपणालगतच्या करंजाच्या रोपापाशी घेऊन गेली. तारेने बांधलेल्या पत्र्याच्या पाटीवर तिने निळ्या ऑइल पेंटने आपले नाव लिहिले होते. शेवटचे अक्षर जागा न पुरल्याने खाली उतरले होते, पण वेलांटी स्पष्ट दीर्घ होती. यादीत ती ऱ्हस्व होती. मी त्या पाटीचा फोटो आपल्याला पाठवला आणि आपण दुपारपर्यंत यंत्र थांबवून ठेवलेत. एका नावासाठी छपाई थांबवणे म्हणजे मालकांचे बोलणे खाणे आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते नंतर मालकांकडूनच कळले. आपण त्याविषयी एक शब्दही काढला नव्हता.

१ मे रोजी निकालाबरोबर अंक वाटले गेले. त्याआधीच आपण एक प्रत खाकी कागदात बांधून बाजूला ठेवली होती आणि मला ऊसतोड टोळीच्या मुकादमांकडून तिच्या गावचा पत्ता मिळवायला सांगितले होते. ती प्रत मी टपालाने पाठवली. जूनमध्ये मुकादमांच्या फोनवरून ती स्वतः माझ्याशी बोलली. अंक पोहोचल्याचे तिने सांगितले, आजीने तो पेटीत ठेवल्याचे सांगितले आणि फोटोत आपण मधल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या आहोत, हे मला दोनदा सांगितले. पुढच्या हंगामात तिचे कुटुंब दुसऱ्या कारखान्याकडे गेले, त्यामुळे आमची पुन्हा भेट झाली नाही.

काका, त्या निरोपातला आपला वाटा मी तेव्हा आपल्यापर्यंत पोहोचवला नाही. दहावीचे वर्ष सुरू झाले आणि ते राहूनच गेले. त्याबद्दल क्षमा असावी. आपण घेतलेले कष्ट, मला न रागावता दाखवलेली चूक आणि त्या मुलीच्या नावासाठी सोसलेली बोलणी, या सर्वांसाठी मी आपली मनःपूर्वक आभारी आहे.

यंदाच्या अंकातील हरितसेनेच्या छायाचित्रात एकतीस चेहरे आहेत. मी पेन्सिलीच्या टोकाने मोजले. खाली नावेही एकतीस आहेत.

आपली नम्र,
त्या वर्षीची विद्यार्थी संपादक