शनिवारच्या आंबोली रेकॉर्डिंगसाठी, निघायच्या आधी वाचा
मंडळी, बेडकांचे आवाज घ्यायचेत तर माइकला केसाळ विंडशील्ड लावूनच या, नुसत्या फोमने घाटातला वारा थांबत नाही. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर, फाइल वेव्ह, एमपीथ्री नको प्लीज. रेकॉर्डिंगची लेव्हल (मीटरवर दिसणारी आवाजाची पातळी) उणे १२ डीबीच्या आसपासच ठेवा, बेडूक अगदी जवळ ओरडला की आवाज फाटतो आणि मग तो काही केल्या नीट होत नाही. माइक ट्रायपॉडवर लावून लांब उभे रहा, रेनकोटची सळसळ सगळी येते त्यात. हेडफोन, जादा सेल, सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या) आणाच. प्रत्येक टेकच्या, म्हणजे एका सलग रेकॉर्डिंगच्या, शेवटी जागा-वेळ माइकमध्ये बोला. आणि फोनवर बेडकांचे रेकॉर्ड केलेले आवाज अजिबात वाजवायचे नाहीत, विणीचा हंगाम आहे त्यांचा!