एम 11/39 च्या शिपायांवर अन्याय नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला दुसऱ्या महायुद्धातील आफ्रिकेतल्या लढायांवरचा लेख मी दोनदा वाचला. लेख आवडला, पण इटलीच्या एम 11/39 या मध्यम रणगाड्याविषयी त्यात एकच वाक्य आहे आणि त्याचा मथितार्थ असा, की इटालियन शिपाई भित्रे होते म्हणून हे रणगाडे कुचकामी ठरले. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अठ्ठावीस वर्षांपासून ट्रॅक्टर आणि थ्रेशर दुरुस्त करतो. यंत्र बिघडले की आधी चालवणाऱ्याला बोल लावला जातो, हे मी रोज पाहतो, म्हणून ते वाक्य फार खटकले.

एम म्हणजे मध्यम, 11 म्हणजे टनांतले वजन आणि 39 हे तो सैन्यात घेतल्याचे वर्ष. फियाट आणि अन्साल्दो या कंपन्यांनी असे सुमारे शंभर रणगाडे बनवले. इंजिन आठ सिलिंडरचे डिझेल, ताकद 105 अश्वशक्ती; आमच्याकडे नांगरटीला जे ट्रॅक्टर चालतात, तशा दोन ट्रॅक्टरांच्या जोरावर 11 टन लोखंड वाळवंटातून ओढायचे, असा तो हिशेब होता. पत्रे वेल्डिंगने नव्हे तर रिव्हेटने जोडलेले होते, आणि अशा जोडावर गोळा बसला की तुटलेले रिव्हेट आतल्या माणसांनाच लागतात.

खरी अडचण मात्र तोफेच्या जागेत होती. 37 मिलिमीटरची मुख्य तोफ फिरत्या बुरुजात नसून रणगाड्याच्या पुढच्या अंगात उजव्या बाजूला बसवलेली होती आणि ती एकूण 30 अंशांच्या आतच वळत असे. बुरुजात फक्त 8 मिलिमीटरच्या दोन मशीनगन होत्या. शत्रू कडेने आला तर तोफ त्याच्यावर रोखण्यासाठी अख्खा रणगाडाच वळवावा लागे. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर भरलेली बंडी फिरवून पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आत माणसे तीनच. कमांडरने बाहेर पाहायचे, हुकूम द्यायचे आणि मशीनगनही स्वतःच चालवायच्या. शेजारच्या रणगाड्याशी बोलायला वायरलेस नव्हता.

ही रचना मूर्खपणातून आली असेही मी म्हणणार नाही. इटलीच्या सेनाधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आल्प्सच्या अरुंद दऱ्या होत्या, जिथे शत्रू समोरूनच येणार. पुढे अमेरिकेनेही एम 3 या रणगाड्यात 75 मिलिमीटरची तोफ पुढच्या अंगातच बसवली, कारण ती पेलणारा बुरूज तेव्हा त्यांच्याकडे तयार नव्हता. पण लिबियात दऱ्या नव्हत्या, चारी बाजूंनी मोकळे मैदान होते.

यांतले 72 रणगाडे लिबियाला आणि 24 पूर्व आफ्रिकेला गेले. 9 डिसेंबर 1940 च्या सकाळी इजिप्तमधल्या निबेवा येथील इटालियन छावणीवर ब्रिटिशांचे माटिल्डा रणगाडे चालून आले तेव्हा वीसेक एम 11/39 छावणीबाहेर उभे होते आणि लढाईला तयार होण्याआधीच ते संपले. त्यांचे चिलखत जास्तीत जास्त 30 मिलिमीटर, माटिल्डाचे 78. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात माटिल्डा उभा आहे. तो पाहताना मी बोटे धरून अंदाज घेतला होता. एकाचे चिलखत दोन बोटांचे, तर दुसऱ्याचे चार बोटांचे, आणि 37 मिलिमीटरच्या तोफेला ती चार बोटे भेदता येत नव्हती. तरीही त्या छावणीतले इटालियन तोफची तोफेपाशी पडेपर्यंत गोळे डागत राहिले आणि त्यांचा सेनापती मालेत्ती लढतानाच मारला गेला. याला भित्रेपणा कसे म्हणावे? माटिल्डांच्या मागोमाग छावणीत शिरलेल्या 11 व्या भारतीय ब्रिगेडमध्ये राजपुताना रायफल्सचे जवान होते, याचा उल्लेखही लेखात हवा होता. समोरच्याला भ्याड ठरवले की आपल्या जवानांचा पराक्रमही हलका होतो. पुढे जानेवारी 1941 च्या अखेरीस इरिट्रियातल्या अगोरदात येथेही आपल्या चौथ्या डिव्हिजनसमोर हेच रणगाडे आले आणि तिथेही माटिल्डांपुढे त्यांचे काही चालले नाही.

इटलीने चूक ओळखून 47 मिलिमीटरची तोफ बुरुजात बसवलेला एम 13/40 काढला. लेखासोबत छापलेले चित्र या दुसऱ्या रणगाड्याचे आहे, एम 11/39 चे नाही. मोठी तोफ बुरुजात दिसते यावरूनच ते ओळखता येते. लिबियातल्या टोब्रुकच्या लढाईत ऑस्ट्रेलियन सैनिकांनी पकडलेले एम 11/39 स्वतः वापरले आणि त्यांवर पांढरे कांगारू रंगवले, त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. चुकीच्या चित्राच्या जागी त्यांतले एखादे छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, जि. यवतमाळ