बडोद्याची मराठी पाने शोधात का सापडत नाहीत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या मंडळाच्या वाचनालयाची वेळ पाहण्यासाठी नातीने मोबाइलवर ‘बडोद्यातील मराठी वाचनालय’ असे टाकले, तेव्हा पुण्यामुंबईची वाचनालये पुढे आली आणि आमचे संकेतस्थळ कुठेच दिसले नाही. शोधयंत्रे मराठीवर अन्याय करतात, असा सूर मंडळात निघाला. ग्रंथालयात हयात घालवलेल्या मला मात्र दोष बराचसा घरचाच वाटतो.

आपण शब्द टाकल्यावर शोधयंत्र जग धुंडाळायला निघत नाही. त्याचे प्रोग्रॅम दुव्यांवरून (लिंकवरून) दुव्यांवर जात पाने आधीच वाचून ठेवतात आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची करतात. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच, फक्त अवाढव्य. तीतही सगळे शब्द सारख्या तोलाचे नसतात. ‘आणि’ जिकडेतिकडे असतो म्हणून त्याला किंमत नाही, ‘सुरसागर’ (आपला तलाव) मोजक्या पानांवर असतो म्हणून त्याला मोठी. हा विचार ब्रिटिश संगणकतज्ज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्येच मांडला होता. पुढे १९९८ मध्ये गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी दुव्याला शिफारशीचे मोल दिले, तेही शिफारस करणारे पान स्वतः किती वजनदार आहे हे पाहून. आज इतरही अनेक कसोट्या लागतात.

आता आमचे संकेतस्थळ पाहा. वेळापत्रक म्हणजे फलकाचा फोटो. जुनी वार्तापत्रे युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी प्रमाण पद्धत रूढ होण्याआधीच्या, फाँटमध्ये आहेत: डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण एखादी ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा काला हाती येतो, आणि सूचीत जातो तो हा कालाच. फोटोतली अक्षरे यंत्रे आता ओळखू लागली आहेत हे खरे, तरी नक्षीदार जोडाक्षरांपुढे त्यांची भंबेरी उडते. शिवाय गावाचे नाव आपण बडोदे, बडोदा, वडोदरा असे तीन तऱ्हांनी लिहितो, आणि ‘बडोद्यात’, ‘बडोद्याहून’ ही त्याचीच रूपे आहेत हे यंत्राला वेगळे शिकवावे लागते. दुव्यांचे तर विचारूच नये. शहरातील ज्या चार मराठी मंडळांची पाने मी पाहिली, त्यांपैकी एकानेही दुसऱ्याचा दुवा दिलेला नाही. (सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथालयांची घडी बसवण्यासाठी ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून आणवले, त्या गावातली ही गोष्ट!)

आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावरही ‘शहरातील कार्यक्रम’ हे सदर चित्ररूपातच चढवले जाते. ते मजकूर म्हणून द्यावे आणि त्या त्या संस्थेचा दुवा सोबत जोडावा, ही विनंती. आमच्या वाचनालयाच्या वेळा मी परवाच टंकून दिल्या आहेत, गावाच्या तिन्ही नावांसह.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
दांडिया बाजार, वडोदरा