बालीला निघण्याआधी डॉलरचं बघ

डोंबिवली, रविवार

प्रिय निखिल,

फोनवर तू ‘हो आई, कळलं आई’ म्हणतोस तेव्हा तुला काहीही कळलेलं नसतं, हे तू दुसरीत असल्यापासून मला माहीत आहे. म्हणून लिहून पाठवतेय. सायलीलाही वाचायला दे, पैशांच्या बाबतीत ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

तू म्हणालास, ‘एअरपोर्टवर घेतो ना डॉलर, असा काय फरक पडतो?’ पडतो. समजा गुगलवर डॉलर ९० रुपये दिसतोय. त्या भावाने तुला कुणीच देणार नाही, तो बँकाबँकांमधला भाव असतो. पण ताडून बघायला तोच धरायचा. आता गावातला एक मनी चेंजर म्हणाला ९१.२०, वर काही नाही. दुसरा म्हणाला ९०.६०, पण २०० रुपये सर्व्हिस चार्ज. कुणाकडे जाशील? ५०० डॉलर घेणार असशील तर पहिल्याकडे ४५,६०० लागतील, दुसऱ्याकडे ४५,५००. दुसरा स्वस्त. २०० डॉलरच घ्यायचे असतील तर मात्र पहिला स्वस्त. आणि विमानतळावर ९५ लावले, तर त्याच ५०० डॉलरचे ४७,५००. तेवढ्यात तुम्हा दोघांचं एक चांगलं जेवण होतं.

परकीय चलनाच्या काउंटरवर नोकरी करताना मी हेच पाहिलं. मे महिन्यात गिऱ्हाईक दहा पैशांसाठी अर्धा तास घासाघीस करायचं आणि चार्ज किती, जीएसटी किती, हे विचारायचंच नाही. तू भाव विचारूच नकोस. ‘५०० डॉलर हातात पडायला एकूण किती रुपये द्यायचे, सगळं धरून?’ एवढंच विचार. तीन ठिकाणी फोन कर आणि तीन आकडे कागदावर लिही. जीएसटीला घाबरू नकोस, तो पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे ४५ हजारांवर ८० रुपयांच्या आसपास. कुणी याहून फार जास्त ‘टॅक्स’ सांगितला, तर बिल दाखवा म्हणायचं.

शनिवार-रविवारी घेऊ नकोस. बाजार बंद असतो, सोमवारी काय उघडेल ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, म्हणून तो जरा चढाच भाव लावतो. दुकान रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेलंच हवं. पासपोर्ट, तिकीट, पॅन बरोबर ठेव. रुपये रोखीने देणार असशील तर रक्कम ५० हजारांच्या आत हवी, त्यावर गेली की चेक किंवा बँकेतूनच. एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरपर्यंत नोटा मिळतात, तुम्हाला तेवढ्या लागणारच नाहीत. आणि टीसीएसची, म्हणजे परकीय चलन विकतानाच कापून घेतात त्या कराची, चिंता नको, तो वर्षाला दहा लाखांच्या वर गेल्यावर. (१९८०च्या दशकात परदेशी निघालेला माणूस आमच्यापुढे हात जोडून उभा राहायचा. आता कायद्याने वर्षाला अडीच लाख डॉलर नेता येतात आणि तुला ५०० घ्यायचा कंटाळा!)

इथूनच रुपिया, म्हणजे इंडोनेशियाचं चलन, घेऊन जाऊ का, असं सायलीने विचारलं होतं. नको. आपल्याकडे त्याला गिऱ्हाईक कमी, साठा कमी, म्हणून भाव वाईट मिळतो. आपले रुपये तिथे नेऊन बदलायचे, तर तिथेही तेच. डॉलर न्या आणि तिथे गरजेपुरते बदला. दोनदा बदलूनही हेच स्वस्त पडतं, कारण बालीत डॉलरचा धंदा करणारे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्यात चढाओढ आहे.

पण डॉलर कसले घ्यायचे ते नीट वाच. १०० च्याच नोटा माग. तिथल्या पाट्यांवर १०० ला एक भाव असतो आणि १०, २० च्या नोटांना त्याहून कमी. नोट कोरी हवी. घडीची रेघ नको, पेनाची खूण नको, कडेला फाटलेली नको आणि बँकेचा छोटासा शिक्का तर मुळीच नको. इंडोनेशियात याबाबत फार नखरे आहेत. आपल्याकडे चालून जाणारी नोट तिथला माणूस उजेडात धरतो आणि बोटाने सरकवून परत देतो. २०१३ पासून चलनात आलेली, मधे निळी पट्टी असलेली नोटच घे. मनी चेंजर कुरकुरेल, पण काउंटर सोडायच्या आधी एकेक नोट उलटीपालटी करून बघ आणि न आवडलेली बदलून माग. पाकिटात दुमडून ठेवू नकोस, पासपोर्टच्या कव्हरात सपाट ठेव.

बालीत कुटाच्या बाजूला कपड्यांच्या दुकानात, मसाजच्या दुकानात, मागच्या कोपऱ्यात ‘मनी चेंजर, नो कमिशन’ अशा पाट्या असतात आणि भाव शेजारच्यापेक्षा भलताच चांगला. तिथे शिरायचं नाही. रुपियात शून्यंच इतकी असतात की माणूस गोंधळतो. एक लाखाची नोट म्हणजे आपले जेमतेम साडेपाचशे रुपये. १०० डॉलरचे सोळा-सतरा लाख होतात आणि तो ते मुद्दाम २० हजारांच्या नोटांत देतो. तुझ्यासमोर दहा-दहाच्या चळती लावतो, तू मोजतोस, बरोबर भरतात. मग तो म्हणतो, ‘थांबा, मी एकदा बघतो’. चळती उचलून आपटतो, सारख्या करतो, तेवढ्यात चार-पाच नोटा गल्ल्यामागे पडलेल्या असतात. म्हणून शेवटचं मोजणं तुझं, आणि त्यानंतर त्याचा हात लागला तर पुन्हा पहिल्यापासून मोज. लाज वाटून घेऊ नकोस. चांगली दुकानं वेगळी कळतात. काचेचं केबिन, यंत्रावर मोजणी, छापील पावती आणि दारावर ‘पीव्हीए बरिझिन’ अशी खूण. तो बँक इंडोनेशियाचा परवाना.

कार्डाचं थोडक्यात सांगते. तुझ्या क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा वरचा आकार, असेल, त्यावर जीएसटी धरला की ४.१३ टक्के. हॉटेलचं बिल ४० हजार झालं तर साडेसोळाशे वर गेले. मार्कअप न लावणारी कार्डं आता मिळतात, तुझं त्यातलं आहे का ते शुल्काच्या पानावर बघ. बँकेतली मुलगी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परदेशी चलन भरून ठेवायचं कार्ड, गळ्यात मारायला बघेल. बहुतेक कार्डांवर रुपिया हे चलन नसतंच, त्यामुळे डॉलर भरून तिथे घासलंस तर दुसऱ्या चलनाचा आकार पुन्हा लागतो. तो किती, ते तिच्याकडून लेखी घे. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नकोस, व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. आणि तिथे यंत्र किंवा हॉटेलवाला विचारेल, ‘भारतीय रुपयांत करू?’ आपला आकडा ओळखीचा दिसतो म्हणून बोट तिकडेच जातं. नाही म्हणायचं, नेहमी रुपियातच. त्या सोयीचा भाव ते त्यांच्या मर्जीने लावतात आणि वर आपली बँकही वेगळा आकार घेऊ शकते. एटीएम बँकेच्या शाखेतलं वापर. पुष्कळ यंत्रांतून आधी पैसे येतात आणि कार्ड नंतर, तेव्हा पैसे घेऊन वळू नकोस.

उतरल्या उतरल्या फारशी रोख लागणार नाही. व्हिसाचे पाच लाख रुपिया आणि बेटाचा पर्यटन कर, माणशी दीड लाख, दोन्ही घरूनच ऑनलाइन भर. टॅक्सीसाठी १०० ची एकच नोट देनपसारच्या विमानतळावर बदल, तिथल्या भावाकडे बघून जीव जाळू नकोस. रात्री अकरा वाजता उतरून स्वस्त भाव शोधत हिंडायचं नाही, एवढी कंजूष मी नाही.

उरलेले रुपिया तिथेच संपवा, इथे डोंबिवलीत कोण घेणार? डॉलर उरले तर विकायची घाई नको, २,००० पर्यंत जवळ ठेवता येतात आणि विकताना पुन्हा पडता भाव मिळतो. सायलीच्या भावाला सिंगापूरला जायचंय, पण त्याला देऊ नकोस, तो त्याचे घेईल.

बुधवारी लवकर निघता आलं तर फोन कर, मी बरोबर येते. पासपोर्टच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. बाबा विचारतायत, प्रवासाचा विमा काढला का?

तुझी,
आई